प्रवेशाआधी पैशाचं बोलू

ऑगस्टच्या १ तारखेला कॉमन ॲपचा, म्हणजे अनेक अमेरिकी विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या वेबसाइटचा, नवा हंगाम उघडतो आणि माझ्या फोनवर ‘ताई, जरा प्रोफाइल बघतेस का?’ सुरू होतं. मेसेजचा साचा ठरलेला. आधी टक्के, मग एसएटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षेचा स्कोअर, मग ऑलिंपियाड, वादविवाद, कुठल्याशा ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र, आणि शेवटी यादी: हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी, येल, प्रिन्स्टन, ऑक्सफर्ड. प्रश्न एकच असतो, ‘चान्स किती?’

मीही उलट एकच विचारते: घरून वर्षाला किती पैसे येऊ शकतात?

इथे बहुतेक संभाषणं अडतात. काहींना हा प्रश्न खटकतो. ‘आधी ॲडमिशन तर मिळू दे, पैशाचं नंतर बघू,’ असं एकाने ठणकावून लिहिलं होतं. घरातली मोठी माणसंही हेच म्हणतात, आणि म्हणताना त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत हा क्रम चालत नाही. घरून काय येणार हे कळल्याशिवाय यादीच करता येत नाही, आणि कितीतरी ठिकाणी तुम्ही मदत मागताय की नाही हे प्रवेश ठरवतानाच बघितलं जातं.

मी सध्या अमेरिकेच्या ईशान्येकडच्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. संख्याशास्त्र शिकते, फावल्या वेळात ग्रंथालयाच्या काउंटरवर बसून पुस्तकं देते-घेते. कॉलेजचं नाव माझ्या नातेवाइकांपैकी कुणीही ऐकलेलं नव्हतं, आजही ते नीट उच्चारत नाहीत. मी इथे आहे कारण यादी करताना पहिला रकाना पैशाचा होता. नावाचा रकाना नंतर भरला.

मोठ्या खासगी अमेरिकी विद्यापीठात एका वर्षाचा सगळा खर्च आता साधारण ८५ ते ९५ हजार डॉलरच्या घरात जातो. त्यात फी, खोली, जेवण, आरोग्यविमा, पुस्तकं, प्रवास सगळं आलं. अमेरिकेचं केंद्र सरकार तिथल्या मुलांना जी शैक्षणिक मदत देतं ती आपल्याला लागू नाही. म्हणजे मदत मिळणार असेल तर ती त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या तिजोरीतून. आणि तिजोरी म्हटली की तिला कुलूप असतं, ते कुणासाठी उघडतं याचे नियम असतात.

हे नियम समजायला दोन शब्द पुरतात, नीड-ब्लाइंड आणि नीड-अवेअर. नीड-ब्लाइंड ठिकाणी तुमचा अर्ज वाचणाऱ्याने तुम्ही मदत मागितली आहे का, हे निर्णयात धरायचं नसतं. नीड-अवेअर ठिकाणी ते धरलं जातं. परदेशी अर्जदारांसाठीही नीड-ब्लाइंड असलेली आणि प्रवेश दिल्यावर गरजेइतकी पूर्ण मदत करणारी विद्यापीठं फार थोडी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲम्हर्स्ट ही जुनी नावं. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडिन त्यांत आली, आणि २०२५ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून ब्राउन. अलीकडे आणखी एखाद-दुसऱ्याची भर पडली आहे, पण सगळी मिळून यादी एका कागदाच्या कोपऱ्यात मावते.

ही यादी वेबसाइटवर तपासताना डोळे उघडे ठेवा. कितीतरी विद्यापीठं पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘आम्ही नीड-ब्लाइंड आहोत’ असं लिहितात आणि दोन परिच्छेद खाली गेल्यावर कळतं की हे अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांपुरतंच आहे. आपल्यासाठीचं पान वेगळं असतं, ‘इंटरनॅशनल ॲप्लिकंट्स’ नावाचं, आणि खरी भाषा तिथे असते. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, पेन (पेनसिल्व्हानिया विद्यापीठ) ही सगळी परदेशी अर्जदारांसाठी नीड-अवेअर आहेत. स्टॅनफर्डचा तर स्पष्ट नियम आहे: परदेशी विद्यार्थ्याने प्रवेश-अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढच्या चारही वर्षांत मागता येत नाही. ‘आधी ॲडमिशन, मग पैसे’ म्हणणाऱ्यांना मी हा नियम पाठवते.

नीड-ब्लाइंड म्हणजे सोपं असाही समज होतो. एमआयटी आपली आकडेवारी स्वतःच प्रसिद्ध करतं. गेल्या काही वर्षांत एकूण प्रवेशदर साडेचार टक्क्यांच्या आसपास आहे आणि परदेशी अर्जदारांचा दोन टक्क्यांच्या आसपास. तुम्ही गरीब आहात की श्रीमंत हे ते बघत नाहीत, पण परदेशी मुलांच्या जागा ठरावीकच राहतात आणि त्या जागांसाठी जगभरातली ऑलिंपियाडची पदकं रांगेत उभी असतात. त्यामुळे फक्त या सात-आठ नावांची यादी करणं म्हणजे यादीच न करणं. एखाद-दोन ठेवा, हौसेने ठेवा, पण वजन दुसरीकडे टाका.

आता ती गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती आणि जी मी सगळ्यांना सांगत सुटते. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक कंटाळवाणा दस्तऐवज प्रसिद्ध करतात. विद्यापीठाचं नाव आणि हे तीन शब्द शोधले की पीडीएफ सापडतं. त्यात एच नावाचा विभाग मदतीचा आहे आणि एच६ हा प्रश्न परदेशी पदवी-विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मदतीचा. किती जणांना मिळाली, सरासरी किती डॉलर, एकूण किती. एवढंच. मग वर बी विभागात जाऊन परदेशी विद्यार्थी एकूण किती ते बघायचं आणि भागाकार करायचा.

समजा एका कॉलेजात २०० परदेशी विद्यार्थी आहेत, त्यांतल्या १५० जणांना मदत आहे आणि सरासरी ७० हजार डॉलर आहे. हे कॉलेज परदेशी मुलांवर खरोखर खर्च करतं. समजा दुसऱ्या, कितीतरी प्रसिद्ध विद्यापीठात २,५०० परदेशी विद्यार्थी आहेत आणि मदत ४० जणांना. तिथे परदेशी विद्यार्थी हा मुख्यतः फी भरणारा ग्राहक आहे. माहितीपत्रकात दोघांकडे सारखेच हसरे चेहरे असतात. मला संख्याशास्त्राची गोडी कशी लागली असं कुणी विचारलं तर मी एच६ सांगते, आणि लोकांना ती थट्टा वाटते.

या भागाकारातून माझी यादी पार बदलली. ज्या कॉलेजांची नावं मला माहीतच नव्हती ती वर सरकली. विल्यम्स, स्वार्थमोर, ग्रिनेल अशी छोटी कॉलेजं, जिथे मास्टर्स-पीएचडीचा पसारा जवळपास नाही आणि शिकवणं प्राध्यापक स्वतः करतात. ही परदेशी मुलांसाठी नीड-अवेअर आहेत, पण एकदा घेतलं की गरज पूर्ण भागवतात. विल्यम्सने तर २०२२ पासून मदतीच्या पॅकेजमधून कर्ज आणि कॅम्पसवरच्या कामाची अट दोन्ही काढून टाकली. केंटकीतलं बेरिया कॉलेज कुणाही विद्यार्थ्याकडून शिकवणीची फी घेतच नाही, गेल्या शतकाच्याही आधीपासून. त्याऐवजी प्रत्येकाला कॅम्पसवर काम करावं लागतं. उलट बर्कली आणि यूसीएलए यादीतून गळली, कारण ही दोन्ही ज्याचा भाग आहेत ते कॅलिफोर्निया विद्यापीठ परदेशी पदवी-विद्यार्थ्यांना आर्थिक गरजेवर मदत देत नाही. उत्तम विद्यापीठं आहेत, पण ती आपली नाहीत, निदान पदवीला तरी.

एका सल्लागार बाईंना मी ही यादी दाखवली होती. त्यांनी तोंड वाकडं केलं, म्हणाल्या, ‘यांचं रँकिंग कुठे आहे?’ आणि त्यांच्याकडची वेगळी यादी दिली. त्या यादीतल्या एकाही ठिकाणी परदेशी मुलाला गरजेवर मदत नव्हती. नंतर कळलं की अनेक विद्यापीठं एजंटांना प्रवेशामागे कमिशन देतात. ज्यांच्याकडे जागांच्या वीस-पंचवीस पट अर्ज आपसूक येतात त्यांना एजंटाची गरजच नसते. सगळेच सल्लागार तसे असतात असं मी म्हणणार नाही. पण ‘तुम्हाला या विद्यापीठाकडून काही मिळतं का?’ हे तोंडावर विचारायला लाजू नका. उत्तर देताना माणूस कुठे बघतो तेही बघा.

ब्रिटनचं गणित साधं आणि कठोर आहे. अर्ज यूकॅस या तिथल्या सामायिक अर्जव्यवस्थेतून, एका अर्जात जास्तीत जास्त पाच पर्याय, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजपैकी एका वर्षी एकच. या दोघांसाठी आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, ब्रिटनच्या घड्याळाने संध्याकाळी ६. पर्सनल स्टेटमेंट पूर्वी ४,००० अक्षरांचा एक सलग निबंध असायचा, २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागला आहे, अक्षरमर्यादा तीच. तिथे तुमच्या आजीची गोष्ट कुणाला नको असते. तुम्हाला हा विषय का शिकायचा आहे आणि त्यासाठी आजवर काय वाचलं-केलं, तेवढंच सांगायचं. मला ही पद्धत खरं तर जास्त प्रामाणिक वाटते. पण परदेशी विद्यार्थ्याची फी ऑक्सफर्डमध्ये विषयानुसार वर्षाला साधारण ३५ ते ६० हजार पौंड, राहण्याखाण्याचा खर्च वेगळा, आणि पदवीच्या पातळीवर पूर्ण शिष्यवृत्त्या मोजक्या. रीच ऑक्सफर्डसारख्या आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागा.

माझ्या वर्गमित्राला ब्रिटनमधल्या एका फार नावाजलेल्या विद्यापीठाची सशर्त ऑफर आली. गणितासाठी. अट होती गुणांची, ती त्याने ओलांडली. घरात आनंदीआनंद, पेढे, फोटो, सगळं. मग कर्जासाठी बँकेत गेले आणि तारणाचा विषय निघाला. जूनपासून ऑगस्टपर्यंत त्या घरात जे काही झालं ते मी जवळून पाहिलंय, इथे लिहिणार नाही. तो आता जर्मनीत शिकतो आणि मजेत आहे, पण एक वर्ष मधे गेलं. त्याची गुणवत्ता कुठेच कमी पडली नव्हती.

जर्मनीवरून आठवलं. ‘जर्मनीत फी नाही’ हे वाक्य अजून फिरतं, आणि बऱ्याच राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांबाबत ते खरंही आहे. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना फी लावली. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे ज्यातून दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हा आकडा मधून मधून वाढतो. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या ईटीएच या तांत्रिक विद्यापीठाने २०२५ च्या शरद सत्रापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांची फी तिप्पट केली, सत्राला ७३० फ्रँकवरून २,१९० फ्रँक. तिप्पट ऐकून छातीत धस्स होतं, पण अमेरिकेच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. महाग आहे ते झुरिकमध्ये राहणं.

मास्टर्सला जाणारेही विचारतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत विज्ञान-अभियांत्रिकीच्या पीएचडीला साधारणपणे फी माफ असते आणि वर महिन्याचा भत्ता. मास्टर्सला बहुतेक ठिकाणी स्वतःचे पैसे. म्हणून ‘आधी मास्टर्स, मग पीएचडी’ हा क्रम तिथे खिशाला नेहमी परवडणारा नसतो. पदवीनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. आणि आर्थिक मदतीसह ऑफर आली की लगेच हो म्हणण्यासाठी कुणी दबाव टाकला तर ‘एप्रिल १५ रेझोल्यूशन’ वाचा. ज्या विद्यापीठांनी त्यावर सही केली आहे ती त्या तारखेआधी उत्तराची सक्ती करू शकत नाहीत.

परत पदवीकडे. यादी झाली की ‘अर्ली’चा, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी लवकर अर्ज करण्याचा, प्रश्न येतो. अर्ली डिसिजन म्हणजे बांधिलकी: घेतलं तर यायचंच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्डमध्ये बांधिलकी नाही, पण त्यांच्याकडे लवकर अर्ज केला तर दुसऱ्या खासगी अमेरिकी विद्यापीठात लवकर अर्ज करता येत नाही. परदेशातली आणि सरकारी विद्यापीठं यातून सुटतात, त्यामुळे नोव्हेंबरात येल आणि ऑक्टोबरात ऑक्सफर्ड हे एकत्र बसतं. मदत हवी असणाऱ्यांना अर्ली डिसिजनची भीती घातली जाते की बांधले गेलात तर फसलात. तसं नाही. मिळालेली मदत पुरत नसेल तर त्या बांधिलकीतून सुटता येतं, हे नियमातच आहे. आणि नीड-अवेअर छोट्या कॉलेजांत मदतीचं बजेट पूर्ण शिल्लक असतं ते नोव्हेंबरात, मार्चमध्ये नव्हे. मी अर्ली डिसिजननेच आले.

मदतीचा फॉर्म, सीएसएस प्रोफाइल, हा अर्जापेक्षा दमवतो. आईवडिलांचं उत्पन्न, मागच्या वर्षाचं आणि त्याआधीचं, घर असेल तर त्याची किंमत, कर्ज, बचत, कुटुंबात किती माणसं. आकडे आपल्याच चलनात भरायचे, रूपांतर ते करतात. सोबत उत्पन्नाचे पुरावे, इंग्रजीत नसतील तर भाषांतरासह. या फॉर्मने आमच्या घरात पहिल्यांदाच पैशाचं उघड बोलणं झालं. बाबांनी एका रविवारी सगळ्या फायली जमिनीवर मांडल्या. आई म्हणाली, ‘एवढं सगळं परक्या माणसांना कशाला सांगायचं?’ मला उत्तर सुचलं नाही, पण त्या रविवारी मला घराची खरी मिळकत कळली आणि मी किती मागायचं तेही. तो आकडा मुद्दाम कमी-जास्त करायचा मोह होतो. करू नका. कमी दाखवलात तर पुरावे जुळत नाहीत. ‘आम्ही जास्त देऊ शकतो’ असं उगाच दाखवलंत तर ते खरं धरून तेवढी रक्कम दरवर्षी मागतात.

फॉर्मलाही फी, अर्जालाही फी. फी माफ होते, पण मागावी लागते. कॉमन ॲपमध्ये फी-माफीची सोय आहे, काही कॉलेजं अर्जाची फी घेतच नाहीत, आणि सीएसएससाठी काही कॉलेजं ईमेल केल्यावर कोड पाठवतात. चार ओळी पुरतात: मी कोण, कुठे शिकते, घरचं उत्पन्न साधारण किती, फी भरणं अवघड का. रडगाणं नको. मला बहुतेकांनी दोन दिवसांत उत्तर दिलं, आणि ज्यांनी दिलंच नाही त्यांच्याबद्दलही मला काहीतरी कळलं.

शिफारसपत्रांबद्दल. जिथे अशी पत्रं लिहायची पद्धत नाही तिथले शिक्षक ‘ही विद्यार्थिनी हुशार, नियमित आणि आज्ञाधारक आहे’ असं लिहून मोकळे होतात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी सरळ विचारलं, ‘काय लिहू?’ मी त्यांना एक पान दिलं. पत्र लिहून दिलं नाही, फक्त प्रसंग आठवून दिले: लंबकाच्या प्रयोगात माझे आकडे पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नव्हते तेव्हा मी ते न खोडता तसेच वहीत ठेवले होते आणि आपण वर्गात त्यावरून वाद घातला होतात, मधल्या सुट्टीत मी धाकट्या वर्गाला गणित शिकवायचे. सर म्हणाले, ‘अरे हो, तो लंबक!’ पुढे त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. कॉमन ॲपमध्ये एक चौकोन असतो, १९७४ च्या अमेरिकी कायद्याने मिळालेला पत्र बघण्याचा हक्क सोडायचा की ठेवायचा. सोडा. हक्क राखून ठेवलेलं पत्र वाचणाऱ्याला भीडेपोटी लिहिलेलं वाटतं.

शाळेचं एक पत्रकही लागतं, ‘स्कूल प्रोफाइल’. गुणपद्धती काय, वर्गात किती मुलं, कोणते विषय शिकवले जातात, पहिल्या क्रमांकाला किती टक्के असतात. ज्या शाळेत समुपदेशक नाही तिथे हे कुणी केलेलं नसतं. मी मसुदा करून मुख्याध्यापिकाबाईंना दिला, त्यांनी तपासून, दोन आकडे बदलून सही केली. हे फार मोलाचं आहे. काटेकोर तपासणाऱ्या बोर्डातले ८५ टक्के आणि सढळ हाताने वाटणाऱ्या बोर्डातले ९५ यांतला फरक समुद्रापलीकडच्या वाचकाला कुणीतरी सांगायला हवा.

उपक्रमांच्या यादीत दहा जागा, प्रत्येकी १५० अक्षरं. माझ्या दुपारी आजीकडे जायच्या. तिची औषधं, तिला फिरवणं, तिचं न संपणारं बोलणं. मी ते लिहिलं. त्याच सल्लागार बाई म्हणाल्या, काढून टाक, एखादा क्लब घाल. पण कॉमन ॲपच्या प्रकारांच्या यादीतच ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हा प्रकार आहे. तो उगाच ठेवलेला नाही. ज्या मुलीने रोज तीन तास घर सांभाळलं तिला वादविवाद मंडळाची अध्यक्ष व्हायला वेळ कुठून मिळणार, हे वाचणाऱ्याला कळतं. कळावं म्हणूनच तो रकाना आहे. मी आजीला क्रमांक एकवर ठेवलं.

निबंध ६५० शब्दांचा. माझा विषय होता बसथांब्यावर लावलेलं वेळापत्रक आणि बस खरोखर येण्याची वेळ. मी काही महिने वहीत दोन्ही लिहून ठेवायचे, शाळेच्या वाटेवर, निव्वळ चिडून. त्यातून दिसलं की बस उशिरा येते तीही ठरावीक पद्धतीने, आणि पावसाळ्यात तर छापील वेळेपेक्षा माझी वही जास्त खरी. जग बदललं वगैरे काही नाही, डेपोला पाठवलेल्या पत्राचं उत्तरही आलं नाही, तेही मी लिहिलं. मला वाटतं तो निबंध चालला कारण तो दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता. आता मुलं मला चॅटजीपीटीने लिहिलेले निबंध पाठवतात. गुळगुळीत असतात, दुसऱ्या वाक्यात ओळखू येतात. आणि नुसता चवीचा प्रश्न नाही: असा मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं.

परीक्षांचं एका परिच्छेदात संपवते, कारण सगळे याच एका गोष्टीवर वर्ष घालवतात. एमआयटीने २०२२ मध्ये एसएटी किंवा एसीटी पुन्हा सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेकने तसं जाहीर केलं. बऱ्याच छोट्या कॉलेजांत ती अजून ऐच्छिक आहे. चांगला स्कोअर आला की थांबा, वीस गुणांसाठी पुन्हा बसू नका. टोफेल-आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचा निकाल दोन वर्षं चालतो.

निकाल. माझा डिसेंबरात लागला, बाकीच्यांचे मार्चच्या अखेरीस लागतात, बहुतेकांना १ मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं. प्रवेशपत्राआधी मदतीचं पत्र उघडा. त्यात अनुदान किती, कॅम्पसवरच्या नोकरीतून अपेक्षित किती, कर्ज किती, आणि घरून अपेक्षित किती हे वेगळं वेगळं वाचा. घरून अपेक्षित रक्कम झेपणारी नसेल तर मदत कार्यालयाला लिहिता येतं: वडिलांची नोकरी गेली, आजारपण आलं, पुरावा जोडा, फेरविचार करा. ते करतात. नेहमी नाही, पण विचारणाऱ्याचा प्रवेश त्यामुळे जात नाही. प्रतीक्षायादीवर असलेल्यांना मात्र मी आशा लावत नाही. तोवर मदतीचे पैसे बहुधा वाटून झालेले असतात.

मग विद्यार्थी-व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं पत्रक, आय-२०, येतं, त्यावर पैशांचे स्रोत छापलेले असतात. परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सेव्हिस यंत्रणेची ३५० डॉलर फी भरायची आणि व्हिसाच्या मुलाखतीला जायचं. अमेरिकी इमिग्रेशन कायद्याच्या २१४(बी) कलमानुसार तुम्ही तिथेच स्थायिक व्हायला निघाला आहात असं गृहीत धरून अधिकारी सुरुवात करतो, आणि तसं नाही हे तुम्ही दाखवायचं. माझी मुलाखत फार लांबली नाही, बहुतेक प्रश्न ‘पैसे कोण देतंय?’ याचेच होते. आय-२० वर उत्तर छापलेलं असलं की बोलणं सोपं जातं.

आणि एक, जे पूर्ण मदत मिळालेल्यांनाही ठाऊक नसतं. शिष्यवृत्तीतला फी आणि पुस्तकांचा भाग करमुक्त आहे, पण खोली आणि जेवणासाठी मिळालेला भाग अमेरिकेत करपात्र धरला जातो. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याच्या त्या भागातून १४ टक्के कापले जातात, आपल्या देशाचा करार काही सूट देत असेल तर ती वेगळी. म्हणजे ‘सगळं फुकट’ असं पत्रावर असतानाही सत्राच्या बिलात हजार-दीड हजार डॉलरपर्यंत अनपेक्षित आकडा दिसू शकतो, आणि तो नेमका पहिल्या महिन्यात, जेव्हा कोट आणि चादरी घ्यायच्या असतात. प्रवेश स्वीकारण्याआधी मदत कार्यालयाला ईमेल करून विचारा की हा कर कोण भरतं. काही कॉलेजं स्वतः भरतात, काही बिलात लावतात, काही हप्ते करून देतात. मार्चच्या मध्यापर्यंत १०४२-एस नावाचा, किती कर कापला ते सांगणारा कागद हाती येतो. तो जपून ठेवा, १०४०-एनआर हे करविवरणपत्र भरताना लागतो, आणि जास्त कापलं गेलं असेल तर त्यातूनच परत मिळतं.